लॅम्ब्रुस्को: थंड, बुडबुड्यांची लाल वाइन आणि आपलं गोव्याचं जेवण

कुळागरवाला

लाल वाइन म्हटलं की गोव्यात आपल्यापुढे दोनच गोष्टी येतात, एक ती नाताळातली गोड पोर्ट, आणि दुसरी ती जड, काळपट, तोंड आवळून टाकणारी जी हॉटेलवाले रूम टेम्परेचरला आणून ठेवतात, आणि आपलं रूम टेम्परेचर मे महिन्यात ३३-३४ डिग्री. एवढ्या गरमीत कोमट लाल वाइन कोणाला प्यावीशी वाटेल? मग लोक म्हणतात वाइन आपल्या जेवणाबरोबर जात नाही, बिअरच बरी. मला हे पटत नाही म्हणून हा धागा काढतोय.

एक लाल वाइन आहे जी थंडच प्यायची असते, हलके बुडबुडे असतात, अल्कोहोल साधारण ११ टक्क्यांच्या आसपास, आणि चोरीस-पाव (चोरीस म्हणजे आपलं डुकराच्या मांसाचं सॉसेज) असो की चिकन काफ्रेआल, आपल्या ताटाशी तिचं जमतं. लॅम्ब्रुस्को. इटलीच्या एमिलिया भागातली, म्हणजे मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा हा पट्टा, जिथलं पार्मेजान चीज आणि बाल्सॅमिक व्हिनेगर आपण ऐकून असतो.

माझा मावसभाऊ तारवटी आहे, क्रूझवर. सुट्टीवर येताना त्याने मोदेनाकडच्या एका लहान घरगुती वायनरीच्या दोन बाटल्या आणल्या (कस्टममध्ये माणशी २ लिटर चालतं, त्यात दोन बसतात). ऑर्गॅनिक, युरोपियन युनियनचं ते हिरवं पान लेबलावर, आणि बाटलीला कॉर्क नाही, सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच. तळाला पिठूळ गाळ. घरच्यांना वाटलं खराब झालीय. उघडली, ग्लासात ओतली तर गुलाबी फेस भसकन वर आला आणि बघता बघता बसला, खाली जांभळट लाल वाइन, कडेने बारीक बुडबुडे. वास आंबट चेरीचा असं पुस्तकात लिहितात, पण आमच्या घरात चेरी कोण रोज खातो, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, करवंद. गोड अजिबात नाही. आंबट, स्वच्छ, शेवटी किंचित कडसर, आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एमिलियातलं खाणं म्हणजे डुकराचं मांस, हॅम, मोर्तादेल्ला, लोण्याचे-चीजचे प्रकार, वर तळलेली पिठाची फुगरी चौकोनं. एवढं तुपट जेवण पचवायला त्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या जी वाइन प्यायली ती ही. मग आपल्या चोरीसाला का नाही चालणार, त्यात तर वर व्हिनेगर पण आहे. व्हिनेगर घातलेल्या पदार्थाबरोबर कमी आंबट वाइन घेतली की ती पाणचट लागते, लॅम्ब्रुस्कोचा स्वतःचा आंबटपणा मजबूत असल्यामुळे ती टिकते. चरबी बुडबुड्यांनी आणि आंबटाने जिभेवरून निघून जाते. प्रत्येक घास पहिल्यासारखा लागतो.

कोणी प्यायलीय का इथे? अनुभव लिहा.

म्हापशेकार

प्यायलोय, वीसेक वर्षांपूर्वी दुबईत असताना. गोड सरबत होतं हो. डोकं धरलं होतं दुसऱ्या दिवशी. त्यामुळे तुमचा धागा बघून आश्चर्यच वाटलं. हीच का ती?

कुळागरवाला

नाव तेच, वस्तू वेगळी. तुम्ही म्हणता ती गोड वाली जगभर गेली त्यामागे मोठा इतिहास आहे. रेज्जो एमिलियाची रिउनिते म्हणून मोठी सहकारी संस्था, तिची गोडसर लॅम्ब्रुस्को १९७० आणि ८० च्या दशकात अमेरिकेत एवढी खपली की काही वर्षं तिथली एक नंबरची आयात वाइन तीच होती. कोल्डड्रिंकवर वाढलेल्या गिऱ्हाइकाला गोड, थंड, फसफसणारी वाइन आवडली, त्यात नवल नाही आणि त्या संस्थेतल्या शेतकऱ्यांची घरं चालली, ते वाईट म्हणणार नाही मी. पण परिणाम असा झाला की जगात लॅम्ब्रुस्को म्हणजे स्वस्त आणि गोड हेच डोक्यात बसलं, आणि खुद्द मोदेनात लोक जेवताना जी कोरडी पितात ती बाहेर कोणाला माहीतच नाही राहिली.

लेबलावर सेक्को लिहिलेलं बघा, ती कोरडी. आमाबिले म्हणजे बऱ्यापैकी गोड, दोल्चे म्हणजे पूर्ण गोड. बाटली हातात घेतली की पहिलं हे बघायचं.

दर्यावर्दी

मी जहाजावर बारमध्ये होतो बरीच वर्षं, आता घरी. कुळागरवाला बाब बरोबर सांगतात. त्यात एक भर घालतो, लॅम्ब्रुस्को एक द्राक्ष नाही, अख्खं खानदान आहे. तीन लक्षात ठेवली तरी पुरे.

सोर्बारा ही मोदेनाच्या उत्तरेला, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांच्या मधल्या रेताड जमिनीत होते. रंग फिका, जवळजवळ गुलाबी, आणि सगळ्यात आंबट. हिची गंमत म्हणजे हिच्या फुलाचा पराग वांझ, स्वतःहून फळ धरत नाही, म्हणून शेजारी सालामिनो जातीच्या वेली लावाव्याच लागतात, त्यांच्या परागावर ही पिकते. तरी घोसात बरेच दाणे बारीकच राहतात. सालामिनो मधली, कार्पीच्या बाजूला जास्त. आणि ग्रास्पारोसा दक्षिणेकडे टेकड्यांत, कास्तेलवेत्रो गावाच्या आसपास, ती सगळ्यात गडद आणि तुरट. तिन्हींना १९७० साली डीओसी मिळालं, म्हणजे तिकडचा आपल्या फेणीच्या जीआयसारखा प्रकार.

मोदेनाचे लोक फ्लूट ग्लासात वगैरे नाही ओतत, साध्या वाइनच्या ग्लासात किंवा खानावळीत तर बुटक्या ग्लासात. जेवणाची वाइन आहे ती.

आमच्याकडे एक जुना इटालियन वेटर होता तो म्हणायचा ग्रास्पारोसा मटणा-डुकराला, सोर्बारा माशाला. मासळीला लाल वाइन, आधी मला पण खरं वाटलं नव्हतं, पण फिकी सोर्बारा आणि तळलेली मुडदुशी (लेपो नाही, मुडदुशीच) हे घरी केलंय आणि फार छान लागलं.

मांडवीकाठ

बुडबुडे येतात कुठून ते सांगा ना. सोडा मारतात का मशीनने?

कुळागरवाला

बिलकुल नाही, निदान चांगल्यात नाही. दोन पद्धती आहेत.

मोठ्या कंपन्या आणि काही चांगल्या लहानसुद्धा, बंद स्टीलच्या टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात, गॅस आतच कोंडला जातो, मग थंड करून गाळून दाबाखालीच बाटलीत भरतात. ही पद्धत मार्तिनोत्ती नावाच्या इटालियनाने १८९५ साली पेटंट केली, नंतर फ्रेंच शार्माने सुधारली. वाइन स्वच्छ, चकचकीत, फळांचा वास ताजा.

दुसरी जुनी, घरगुती, आणि माझ्या मावसभावाने आणलेली तशी होती. शरद ऋतूत द्राक्षं काढून आंबवतात, थोडा रस थंडीत बाजूला ठेवतात. हिवाळ्यात थंडीने सगळं शांत होतं. वसंतात गरम व्हायला लागलं की वाइनमध्ये तो गोड रस मोजून घालून बाटलीत भरायचं आणि बूच मारायचं. बाटलीतलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस आतच राहतो. लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे १ बार दाब, असा हिशोब. युरोपच्या नियमात हलकी बुडबुड्याची म्हणजे फ्रिझान्ते वाइन १ ते अडीच बारपर्यंत, त्यामुळे जास्तीत जास्त दहा ग्रॅमचा खेळ आहे. शॅम्पेनमध्ये हाच दाब ५ ते ६ बार. काम संपल्यावर यीस्ट तळाला बसतं, तोच तो गाळ. शॅम्पेनवाले गाळ काढून टाकतात, हे लोक तसाच ठेवतात. खराब नाही, विषारी नाही, उलट त्याने वाइन ताजी राहते.

बाटलीवर रिफेर्मेंतातो इन बोत्तिल्या असं काही दिसलं तर हीच पद्धत समजा. लहान ऑर्गॅनिक घरं हीच करतात बहुतेक, एक तर परंपरा, दुसरं म्हणजे दाब सहन करणारी ती स्टीलची टाकी महाग.

पाटो_पणजी

ऑर्गॅनिक म्हणजे केमिकल नाही ना? मग डोकं दुखणार नाही असं समजायचं का? मला लाल वाइन प्यायली की हमखास दुखतं.

कुळागरवाला

ताई, तेवढी हमी कोण देणार नाही. डोकेदुखीला पहिलं कारण अल्कोहोल आणि कमी पाणी पिणं. ही ११ टक्क्यांची, साडेतेरा-चौदाच्या जड वाइनपेक्षा हलकी, एवढा फायदा धरा. दुखणं हमखासच असेल तर डॉक्टरला विचारा, प्रयोग करू नका.

सल्फाइटचं, म्हणजे वाइन टिकवायला जे घालतात त्याचं, सांगतो. युरोपात २०१२ च्या पिकापासून ऑर्गॅनिक वाइन असं लेबलावर लिहायचा कायदा आला, त्याआधी फक्त ऑर्गॅनिक द्राक्षांपासून एवढंच लिहिता यायचं. त्यात कोरड्या लाल वाइनला सल्फाइटची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, साध्या वाइनला १५०. म्हणजे कमी, पण शून्य नाही. आणि आंबवताना यीस्ट स्वतःसुद्धा थोडं सल्फाइट तयार करतं.

नाशिकची_द्राक्षं

माहेर पेडणे, सासर दिंडोरी, घरची द्राक्षबाग, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. ऑर्गॅनिक द्राक्ष या दोन शब्दांच्या मागे काय असतं ते लिहिते.

द्राक्षाचे दोन मोठे शत्रू, डाऊनी आणि भुरी, दोन्ही बुरशीचे रोग. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट आणि घोस बाहेर पडत असताना अवकाळी पाऊस आला की रात्रभर झोप नाही, पानं ओली राहिली की डाऊनी आलाच, आणि घोसात घुसला तर त्या वर्षी काही उरत नाही. तेव्हा सगळे आंतरप्रवाही औषध मारतात. ऑर्गॅनिकवाल्याला ते चालत नाही. त्याच्याकडे तांबं आणि गंधक. ते पानाच्या वर बसतं, आत जात नाही, पाऊस आला की धुवून जातं, परत मारा. परत म्हणजे ट्रॅक्टर, डिझेल, माणसं.

आणि तांब्याला पण मोजमाप आहे. युरोपात २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. पावसाळी वर्षात चार किलोत भागवणं सोपं नाही. २०२३ ला इटलीच्या मध्य आणि दक्षिण भागात डाऊनीने एवढं नुकसान केलं की देशाचं वाइन उत्पादन खूप खाली आलं. शिवाय बाग ऑर्गॅनिक करायची तर तीन वर्षं रूपांतराची, त्या काळात खर्च आणि धोका ऑर्गॅनिकचा पण द्राक्षं त्या नावाने विकता येत नाहीत. लहान कुटुंब हे करतं तेव्हा त्या बाटलीच्या किमतीत ती तीन वर्षं पण असतात. मला म्हणून त्या लेबलावरच्या पानाबद्दल मनापासून आदर आहे.

कुळागरवाला

बाय, काय सुंदर लिहिलंत. तांब्यावरून एक सांगतो, हे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, ते फ्रान्सच्या द्राक्षबागांसाठी निघालं आणि आज आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर चढून आम्ही तेच मारतो. पोफळीला पावसात कोळेरोग लागतो, हिरव्या सुपाऱ्या कुजून खाली पडतात, त्यासाठी पावसाच्या तोंडाला एक हात आणि मग पावसात उघडीप बघून परत. पोफळीवर चढणारा माणूस मिळणं हेच आता मुश्कील झालंय. निळं पाणी अंगावर, हातावर, कपड्यांवर. म्हणून मोदेनाच्या त्या घरातली माणसं जून महिन्यात आकाशाकडे कशी बघत असतील ते मला न सांगता कळतं.

शिवराक_बाय

आम्ही पूर्ण शिवराक. वाइन कधीतरी घेतो. दोन प्रश्न, यात अंडं वगैरे असतं असं ऐकलंय ते खरं का, आणि मांस-मासे सोडून काय जाईल याच्याबरोबर?

कुळागरवाला

खरं आहे. वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा, जिलेटिन, दुधाचं केसीन, माशाच्या पोटातलं एक प्रथिन असं वापरतात आणि ऑर्गॅनिकमध्ये सुद्धा यातलं बरंच चालतं, त्यामुळे ऑर्गॅनिक म्हणजे शिवराक असं धरू नका. बाटलीत आंबवलेली गाळासकटची बहुतेक वेळा असं काही न घालताच बनते, पण खात्री हवी तर लेबलावर वीगन लिहिलेलं बघा.

खाण्याचं म्हणाल तर अळसांद्याचं तोणाक! भाजलेलं खोबरं, मसाला, त्याला ग्रास्पारोसा एकदम. पावसात वारुळावरची अळमी (अळंबी) आली की त्याची शागुती, त्याच्याबरोबर तर काय सांगू. खतखत्याबरोबर मात्र नको, तिरफळं दुसऱ्या कुठल्याच वासाला जागा देत नाहीत.

म्हापशेकार

तिखटाचं काय? रेशाद मसाल्यातला बांगडा आणि बुडबुडे म्हणजे आग नाही होणार?

दर्यावर्दी

होते, थोडी. कार्बन डायॉक्साइडची जी चुणचुण लागते ती मोहरीची झणझण ज्या नसांना लागते त्याच प्रकारच्या नसांमधून लागते, त्यामुळे मिरचीवर जोराचे बुडबुडे म्हणजे तिखटात भर. म्हणून शॅम्पेन आणि रेशाद हे मी कोणाला सुचवणार नाही. लॅम्ब्रुस्कोत दाब निम्म्याहून कमी, त्यात थंड आणि अल्कोहोल कमी, म्हणून निभावते. जड लाल वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोल तर तिखटाला आणखी पेटवतात. रेशाद किंवा विंदालूच असेल तर इथे मी कोरडी सोडून आमाबिले घेईन, जरा गोडीने मिरची बसते. म्हणजे गोड वालीला पण तिची जागा आहे, चांगल्या घरची घ्या एवढंच.

काणकोणची_वाट

मी एकदा घेतली होती इकडच्याच एका दुकानातून, उघडली तर फुस्स पण नाही झालं, रंग तपकिरी, व्हिनेगरकडे झुकलेली. पैसे गेले. म्हणून धास्ती बसलीय.

कुळागरवाला

वाईट वाटलं वाचून. पण दोष वाइनचा नसणार, उन्हातल्या शेल्फचा. ही साठवून ठेवायची वाइनच नाही, बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. हुर्राक आपण काजूच्या सीझनमध्येच पितो, पुढच्या वर्षासाठी कोणी राखून ठेवत नाही, ही तशीच आहे. घेताना लेबलावर पीक कुठल्या वर्षाचं ते बघा, मागच्या एक-दोन वर्षांपेक्षा जुनं असेल आणि दुकानात एसी नसेल तर सोडून द्या. आणि मार्च-एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत घालून गावभर फिरू नका तिला.

घरी आणल्यावर पत्र्याच्या बुचाची असेल तर फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नको, गाळ तळाला बसू दे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीपासून हलवायची नाही. गाळ आवडत नसेल तर हळू ओतून शेवटचा बोटभर भाग बाटलीत सोडा. आवडत असेल तर बाटली अलगद एकदा उलटीसुलटी करा, हलवायची नाही, मग उघडा, वाइन गढूळ आणि जरा पावासारख्या वासाची लागते. मला दुसरं आवडतं. गडद वाली १२-१४ डिग्री म्हणतात, सोर्बारा आणखी थंड, पण ते तिकडच्या हवेत. आपल्याकडे ग्लासात पाच मिनिटांत गरम होते म्हणून फ्रिजमधून थेट काढून थोडी थोडी ओता, बाटली बर्फाच्या भांड्यात. उघडली की त्याच संध्याकाळी संपवायची.

मांडवीकाठ

किंमत? आणि आपल्याकडे कोणी बनवत नाही का?

नाशिकची_द्राक्षं

स्पार्कलिंग बनतं की. नारायणगावच्या इंडाजने ऐंशीच्या दशकातच ओमर खय्याम नावाने काढली होती, आणि फ्रेंच शाँदोंची वायनरी तर आमच्या दिंडोरीतच आहे. पण ती बहुतेक जास्त दाबाची, पांढरी किंवा गुलाबी. जेवणाबरोबरची साधी, कोरडी, हलक्या बुडबुड्याची लाल कोणी मनावर घेऊन करावी असं मला फार वाटतं. अडचण आंबटपणाची. आमचं पीक जानेवारी ते मार्च, शेवटी शेवटी ऊन चढतं आणि द्राक्षातलं आम्ल पटापट उतरतं. लवकर काढली तर जमेल, शिराझ द्राक्षावर करून बघायला हरकत नाही.

दर्यावर्दी

किंमत तिकडे लहान घरची चांगली बाटली १०-१५ युरोत मिळते. इकडे इतकी वर्षं आयात वाइनवर १५० टक्के कस्टम बसत आलंय, वर राज्याचा कर, त्यामुळे आयातदार ओळखीची मोठी नावंच आणतात, लहान घरची गाळवाली कोण आणणार. घरात कोणी तारवटी असेल तर त्यालाच सांगा. सेक्को, पत्र्याचं बूच, मागचं पीक, हिरवं पान, एवढं व्हॉट्सॅपवर लिहून पाठवा.

म्हापशेकार

पुतण्या डिसेंबरात सुट्टीवर येतोय, त्याला आत्ताच मेसेज टाकला. शेजारच्या मारीबायच्या घरी नाताळाला डुकराच्या मांसाचं सोरपोतेल असतंच, बाटली तिकडेच उघडू. कुळागरवाला, सोरपोतेलला ग्रास्पारोसाच ना?

कुळागरवाला

ग्रास्पारोसाच. आणि सोरपोतेल तिसऱ्या दिवशीचं असेल तर आणखी बरं, तोवर व्हिनेगर मुरलेलं असतं. सान्नांबरोबर घ्या आणि इथे येऊन लिहा.